भयपटांच्या व्हिडिओ-मार्गदर्शिका कशा निवडाव्यात, वाचाव्यात आणि पडताळून पाहाव्यात

१९७५ मध्ये बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये व्हीएचएस अशी दोन कॅसेट-तंत्रे जपानमध्ये बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत हवा तो चित्रपट घरच्या घरी लावून पाहणे सामान्य प्रेक्षकाच्या आवाक्यात आले. या बदलाचा मोठा लाभ भयपटांना झाला. एरवी एखाद्या आठवड्यापुरते लागून विस्मरणात गेले असते असे अल्पखर्ची अमेरिकी चित्रपट, मूळ भाषेतून डब केलेले इटालियन आणि स्पॅनिश चित्रपट, तसेच दूरचित्रवाणीवर कापून दाखवले गेलेले जुने भयपट कॅसेटच्या दुकानांत शेजारी शेजारी येऊन बसले. भडक कव्हर, बदललेले नाव आणि आत नेमके काय आहे याविषयी अत्यल्प माहिती, अशा अवस्थेत प्रेक्षकाला आधार हवा होता. त्या गरजेतून भयपटांच्या व्हिडिओ-मार्गदर्शिका जन्माला आल्या.

आज या मार्गदर्शिका जुन्या पुस्तकांच्या बाजारात सहज मिळतात आणि भयपटांचा अभ्यास किंवा संग्रह सुरू करणाऱ्याला त्यांच्यासारखी दुसरी साधने नाहीत. मात्र त्या वाचण्याची एक रीत आहे. मार्गदर्शिकेतील नोंद ही वरवर चित्रपटाची असली, तरी प्रत्यक्षात ती लेखकाने पाहिलेल्या एका विशिष्ट प्रतीची असते. ती प्रत कोणत्या देशातली होती, कोणत्या वितरकाची होती, तिच्यात काय कापले होते आणि चित्राच्या कडा शाबूत होत्या की नाही, यांवर त्या नोंदीतला जवळजवळ प्रत्येक शब्द अवलंबून असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीच्या आधारे मांडलेल्या आहेत.

पहिली पायरी: हातातला ग्रंथ कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

सगळ्याच मार्गदर्शिका एका कामासाठी लिहिलेल्या नसतात. पहिला प्रकार व्हिडिओच्या आधीचा किंवा व्हिडिओकडे लक्ष न देणारा सूचीग्रंथ. वॉल्ट ली यांची ‘रेफरन्स गाइड टू फँटॅस्टिक फिल्म्स’ ही १९७२ ते १९७४ या काळात तीन खंडांत निघालेली सूची याचे उत्तम उदाहरण आहे. घरी चित्रपट पाहण्याची सोय नसताना केवळ कागदपत्रे, नियतकालिके आणि चित्रपटगृहांतली पाहणी यांवर ती उभी राहिली. नावे, वर्षे आणि श्रेय यांसाठी असा ग्रंथ आजही उपयोगी पडतो, परंतु कॅसेटविषयी तो काहीच सांगू शकत नाही.

दुसरा प्रकार चिकित्सक विश्वकोशाचा. फिल हार्डी यांनी संपादित केलेला ‘ऑरम फिल्म एन्सायक्लोपीडिया’ मालिकेतील भयपटांचा खंड १९८५ मध्ये आला. त्यात चित्रपट वर्णक्रमाने नव्हे, तर वर्षानुक्रमे लावलेले आहेत. नवख्या वाचकाला ही मांडणी प्रथम अडचणीची वाटते, कारण नाव शोधण्यासाठी आधी सूचीकडे जावे लागते. पण एखाद्या वर्षी कोणकोणत्या देशांत काय बनत होते हे एका नजरेत दाखवण्याची तिची क्षमता इतर कोणत्याही मांडणीत नाही. मला विचाराल तर सलग वाचण्यासाठी हाच ग्रंथ घ्यावा.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने व्हिडिओ-मार्गदर्शिकेचा. मायकल वेल्डन यांचा ‘द सायकोट्रॉनिक एन्सायक्लोपीडिया ऑफ फिल्म’ १९८३ मध्ये आला तेव्हा तो विचित्र, दुर्लक्षित आणि अल्पखर्ची चित्रपटांचा कोश होता. त्याच लेखकाचा १९९६ मधला ‘द सायकोट्रॉनिक व्हिडिओ गाइड’ मात्र नावाप्रमाणेच कॅसेटच्या युगाचा आहे. दूरचित्रवाणीवर भयपटांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केलेल्या जॉन स्टॅन्ली यांची ‘क्रीचर फीचर्स’ ही मार्गदर्शिका १९८१ पासून वाढत्या आवृत्त्यांत निघत राहिली. जेम्स ओ’नील यांची ‘टेरर ऑन टेप’ १९९४ मधली, आणि माइक मेयो यांचा ९९९ चित्रपटांचा ‘व्हिडिओहाउंड्स हॉरर शो’ १९९८ मधला. सुरुवात करणाऱ्याने यांपैकी कोणतेही एक पुस्तक आणि त्यासोबत वर सांगितलेला विश्वकोश एवढे जवळ ठेवले तरी पुरे होते.

चौथा प्रकार सर्वसाधारण चित्रपट-मार्गदर्शिकांचा, म्हणजे ज्यांत भयपट इतर हजारो चित्रपटांमध्ये विखुरलेले असतात. लेनर्ड मॉल्टिन यांची मार्गदर्शिका १९६९ मध्ये सुरू झाली आणि तिची शेवटची आवृत्ती २०१४ मध्ये प्रकाशित झाली. अशा पुस्तकांत भयपटांच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात, आणि त्याही बहुधा भयपटाचा विशेष ओढा नसलेल्या लेखकाच्या. तरीही तारीख, कलाकार आणि पर्यायी नाव झटपट पाहायचे असेल तर ती हाताशी असावीत.

दुसरी पायरी: प्रकाशनाचे वर्ष आणि देश पहिल्या पानावर लिहून ठेवा

हे काम क्षुल्लक वाटते, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९८५ च्या ब्रिटिश पुस्तकाचा लेखक आणि १९९६ च्या अमेरिकी पुस्तकाचा लेखक यांनी एकाच नावाचा चित्रपट पाहिला असला, तरी त्यांच्यासमोरच्या फिती वेगळ्या असण्याचा संभव मोठा आहे. शिवाय डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये आली, ब्लू-रे २००६ मध्ये आली आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रे २०१६ मध्ये. यातल्या प्रत्येक टप्प्यावर जुन्या चित्रपटांच्या नव्या, अधिक पूर्ण प्रती निघाल्या.

१९८१ चा कॅनडियन चित्रपट ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ पाहा. अमेरिकी वयोगट-वर्गीकरणासाठी त्यातील हिंसेची दृश्ये मोठ्या प्रमाणात कापली गेली होती आणि अनेक वर्षे प्रेक्षकांना तीच कापलेली आवृत्ती मिळत होती. २००९ च्या डीव्हीडीमध्ये त्यातील बरीच दृश्ये परत जोडली गेली. म्हणजे विसाव्या शतकातल्या मार्गदर्शिकांनी या चित्रपटाविषयी जे मत दिले, ते आज सहज मिळणाऱ्या आवृत्तीविषयीचे नाही. मत चुकीचे होते असे नव्हे; ते दुसऱ्या वस्तूविषयी होते.

याच कारणाने जुनी आवृत्ती नवी आल्यावर टाकून देऊ नये. दरवर्षी निघणाऱ्या पुस्तकांतून नव्या नोंदींना जागा करण्यासाठी जुन्या नोंदी गाळल्या जातात, आणि बाजारातून उठलेल्या कॅसेटचा उल्लेख तर सर्वात आधी जातो. एकेकाळी कोणत्या वितरकाने कोणता चित्रपट कोणत्या नावाने काढला होता, याचा पुरावा पुष्कळदा फक्त जुन्या आवृत्तीतच उरलेला असतो.

तिसरी पायरी: नावांच्या जंगलातून वाट काढा

भयपटांच्या बाबतीत नवखा वाचक सर्वाधिक अडखळतो तो येथे. इटालियन दिग्दर्शक लुचो फुल्ची यांचा १९७९ चा चित्रपट घ्या. त्याच्या आदल्या वर्षी जॉर्ज रोमेरो यांचा ‘डॉन ऑफ द डेड’ इटलीत ‘झोम्बी’ या नावाने प्रदर्शित झाला होता. त्या यशाचा फायदा घेण्यासाठी फुल्चींच्या चित्रपटाला इटलीत ‘झोम्बी २’ असे नाव दिले गेले, वास्तविक कथेच्या दृष्टीने दोहोंचा काहीही संबंध नाही. अमेरिकेत रोमेरोंचा चित्रपट मूळ नावानेच चालला असल्यामुळे फुल्चींचा चित्रपट तेथे नुसता ‘झोम्बी’ झाला, आणि ब्रिटनमध्ये ‘झोम्बी फ्लेश ईटर्स’. आता एखाद्या पुस्तकात ‘झोम्बी’ अशी नोंद दिसली, तर पुस्तक कोठले आहे हे पाहिल्याशिवाय ती रोमेरोंची की फुल्चींची हे सांगता येणार नाही. दुसऱ्या पायरीवर देश लिहून ठेवण्याचा आग्रह यासाठीच होता.

इटलीतील ‘ला काझा’ मालिका याहून गोंधळाची आहे. सॅम रेमी यांचा ‘द इव्हिल डेड’ तेथे ‘ला काझा’ म्हणून आला आणि त्याचा दुसरा भाग ‘ला काझा २’ म्हणून. पुढे तिसरा, चौथा आणि पाचवा क्रमांक लावून आलेले चित्रपट मात्र पूर्णपणे असंबद्ध इटालियन निर्मिती होत्या. म्हणून नावापुढचा आकडा पाहून मालिकेचा क्रम गृहीत धरू नये.

यावर उपाय पद्धतशीर शोध हाच आहे. प्रथम पुस्तकाच्या शेवटी पर्यायी नावांची सूची आहे का ते पाहावे. ती नसेल तर मुख्य भागात ‘पाहा’ असे सांगणाऱ्या एका ओळीच्या नोंदी असतात का ते तपासावे. दोन्ही नसतील तर दिग्दर्शकाच्या नावावरून शोधावे, आणि तेथेही सावध राहावे, कारण इटालियन दिग्दर्शक इंग्रजी वाटणारी टोपणनावे सर्रास घेत: अँटोनिओ मार्गेरिती हे अँथनी एम. डॉसन होत, रिकार्डो फ्रेडा हे रॉबर्ट हॅम्प्टन होत, मारिओ बावा यांनी काही वेळा जॉन एम. ओल्ड हे नाव लावले, आणि जो डी’अमातो या नावाने प्रसिद्ध असलेल्या दिग्दर्शकाचे खरे नाव अरिस्तिदे मासाचेसी. अशा नावांची एक छोटी यादी पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवल्यास शोधाचा बराच वेळ वाचतो.

वर्णक्रमाची पद्धतही पाहून घ्यावी. इंग्रजीतील ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदे बहुतेक पुस्तकांत क्रमासाठी सोडली जातात, पण इटालियन ‘ला’ आणि ‘इल’ कधी सोडतात, कधी धरतात. आकड्याने सुरू होणारी नावे काही पुस्तकांत अगदी आरंभी असतात, तर काहींत आकडा अक्षरी लिहिल्याप्रमाणे मधेच असतात. पुस्तकाच्या प्रस्तावनेत हा खुलासा असतो. ती प्रस्तावना न वाचता ‘या पुस्तकात हा चित्रपटच नाही’ असा निष्कर्ष काढणारे वाचक फार आहेत.

याउलट एकाच नावाचे अनेक चित्रपटही असतात. ‘द ब्लॅक कॅट’ १९३४ चा आहे, १९४१ चा आहे आणि १९८१ चाही आहे. म्हणून नावासोबत वर्ष नेहमी लिहावे, आणि ते लिहिताना हेही ध्यानात ठेवावे की काही ग्रंथ निर्मितीचे वर्ष देतात, काही पहिल्या प्रदर्शनाचे, तर काही स्वतःच्या देशातल्या प्रदर्शनाचे. ‘द इव्हिल डेड’ १९८१ मध्ये प्रथम दाखवला गेला, पण अमेरिकेत सर्वत्र लागला तो १९८३ मध्ये. दोन पुस्तकांत दोन-तीन वर्षांचा फरक दिसला तर तेवढ्यावरून दोन वेगळे चित्रपट मानू नयेत. दिग्दर्शक आणि दोन प्रमुख कलाकार जुळतात का ते पाहावे.

एक अपवाद आवर्जून सांगण्याजोगा आहे. मारिओ बावा यांचा ‘लिसा अँड द डेव्हिल’ १९७३ मध्ये तयार झाला, पण त्याला पुरेसे वितरण मिळाले नाही. तेव्हा निर्मात्याने भूत उतरवण्याची नवी दृश्ये चित्रित करून घेतली, ती मूळ चित्रपटात घुसवली आणि १९७५ मध्ये ‘द हाउस ऑफ एक्सॉर्सिझम’ या नावाने तो बाहेर काढला. येथे दोन नावांमागे खरोखर दोन वेगळे चित्रपट आहेत, आणि जो ग्रंथ त्यांना केवळ पर्यायी नावे म्हणून एका नोंदीत बसवतो, त्याच्या लेखकाने बहुधा दोहोंपैकी एकच पाहिलेला आहे.

चौथी पायरी: मिनिटांचा हिशेब स्वतः करा

नोंदीतला सर्वात मोलाचा आकडा म्हणजे चित्रपटाची लांबी. कोणती आवृत्ती आहे हे ओळखण्याची पहिली खूण तीच असते. पण हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र) या वेगाने चित्रित होतो. ब्रिटनसह युरोपच्या मोठ्या भागात पूर्वी वापरली जाणारी पाल दूरचित्रवाणी पद्धत सेकंदाला २५ चौकटी दाखवत असे, आणि रूढ पद्धत अशी की चित्रपट तेवढ्या वेगाने सरळ पळवून कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर उतरवला जातो. परिणामी तो सुमारे चार टक्के लवकर संपतो आणि आवाजाची पट्टीही किंचित चढते. १०० मिनिटांचा चित्रपट पाल प्रतीवर ९६ मिनिटांत संपतो, आणि त्यातून काहीही कापलेले नसते. अमेरिका आणि जपान येथील एनटीएससी पद्धतीत चौकटींची पुनरावृत्ती करून वेग जुळवला जातो, त्यामुळे तेथे लांबी बदलत नाही. ब्लू-रेवर चित्रपट बहुधा मूळ २४ चौकटींच्या वेगानेच असतो.

हिशेब असा करावा: पाल प्रतीच्या मिनिटांना २५ ने गुणावे आणि २४ ने भागावे, म्हणजे मूळ लांबी मिळते. मूळ लांबीवरून पाल लांबी हवी असेल तर ०.९६ ने गुणावे.

हा हिशेब केला नाही तर काय होते ते दारिओ अर्जेंतो यांच्या १९८५ च्या ‘फेनोमेना’वरून दिसते. या चित्रपटाची इटालियन आवृत्ती सुमारे ११६ मिनिटांची आहे, परदेशांसाठी केलेली आवृत्ती सुमारे ११० मिनिटांची, आणि अमेरिकेत ‘क्रीपर्स’ या नावाने आलेली आवृत्ती अवघ्या ८३ मिनिटांची. आता समजा, एका युरोपीय पुस्तकात पाल प्रतीवरून १११ मिनिटे अशी नोंद आहे आणि एका अमेरिकी पुस्तकात ११० मिनिटे. एका मिनिटाचा फरक पाहून वाचक म्हणेल की दोन्ही एकच, कोणीतरी आकडा पूर्णांकात घेताना थोडे मागेपुढे केले असेल. प्रत्यक्षात ११६ मिनिटांच्या संपूर्ण आवृत्तीची पाल लांबी जवळजवळ १११ मिनिटे येते आणि ११० मिनिटांच्या आवृत्तीची सुमारे १०६. म्हणजे जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या या दोन आकड्यांमागे सहा मिनिटांचा खरा फरक आहे. उलट, १११ आणि ११६ हे आकडे वेगळे दिसले तरी आवृत्ती एकच असू शकते.

‘डॉन ऑफ द डेड’चेही असेच आहे. अमेरिकी चित्रपटगृहांतील आवृत्ती १२७ मिनिटांची, अर्जेंतो यांनी युरोपसाठी संपादित केलेली सुमारे ११९ मिनिटांची, आणि त्याखेरीज १३९ मिनिटांची एक लांब आवृत्ती. पाल प्रतींवर त्या अनुक्रमे सुमारे १२२, ११४ आणि १३३ मिनिटांच्या होतात. हे सहा आकडे एका कागदावर लिहून समोर ठेवले की कोणत्याही पुस्तकातील नोंद त्यांपैकी कोठे बसते हे लगेच कळते. ज्या चित्रपटाच्या दोनाहून अधिक आवृत्त्या आहेत, त्याच्यासाठी असा तक्ता अवश्य करावा.

एवढे करूनही कव्हरवर छापलेल्या मिनिटांवर विसंबू नये. वितरक पुष्कळदा चित्रपटगृहातील जाहिरातपत्रकावरचा आकडा उचलून छापत आणि कॅसेटमध्ये असे ते भलतेच. लांबी स्वतः मोजावी: निर्मिती-संस्थेच्या बोधचिन्हापासून शेवटच्या काळ्या पडद्यापर्यंत, सेकंदांसह. वितरकाचे स्वतःचे बोधचिन्ह आणि आरंभीचे इशारे त्यात धरू नयेत.

पाचवी पायरी: चौकट पूर्ण होती का ते तपासा

जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा ४:३ (रुंदी:उंची) या प्रमाणाचा होता, तर चित्रपट त्याहून रुंद. रुंद चित्र त्या पडद्यावर भरण्यासाठी त्याच्या बाजू कापल्या जात आणि संवाद बोलणाऱ्या पात्राकडे चौकट सरकवली जाई. २.३५:१ या प्रमाणात चित्रित केलेल्या चित्रपटाचे अशा रीतीने चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र नाहीसे होते.

विनोदपटात हे नुकसान सोसता येते, भयपटात नाही. जॉन कारपेंटर यांचा १९७८ चा ‘हॅलोविन’ २.३५:१ या रुंद प्रमाणात चित्रित झाला आहे आणि त्यातील भयाचा मोठा भाग चौकटीच्या रिकाम्या बाजूवर उभा आहे: पात्र एका कडेला बोलत असते आणि दुसऱ्या कडेच्या अंधारात कोणीतरी उभे आहे की काय अशी शंका प्रेक्षकाला येत राहते. ती कड कापली की शंका उरत नाही, आणि उरते ते फक्त संभाषण. १९८० च्या दशकातील एखाद्या लेखकाने रुंद चौकटीच्या भयपटाला ‘संथ’ किंवा ‘सपाट’ म्हटले असेल, तर त्याने तो कापलेल्या चौकटीत पाहिला असण्याची शक्यता धरून चालावे.

याच्या उलट प्रकारही आहे. १.८५:१ साठी चित्रित केलेल्या काही चित्रपटांत, प्रदर्शनाच्या वेळी झाकायचा वरचा आणि खालचा भाग कॅसेटवर उघडा ठेवला जात असे. तेव्हा चित्र जास्त दिसते, पण वरून लोंबणारा मायक्रोफोनही दिसतो. ‘ढिसाळ निर्मिती, माइकसुद्धा दिसतो’ अशी टिप्पणी वाचली की दोष दिग्दर्शकाच्या माथी मारण्याआधी ही बाब आठवावी. १९९० मध्ये टिम लुकास आणि डोना लुकास यांनी सुरू केलेल्या ‘व्हिडिओ वॉचडॉग’ या नियतकालिकाचे मोठे योगदान हेच, की चित्रपटाविषयी लिहिताना हातातल्या प्रतीची चौकट, लांबी आणि कापछाट यांचा काटेकोर हिशेब देण्याची शिस्त त्याने भयपटांच्या लेखनात रुजवली. त्याचे जुने अंक मिळाले तर सोडू नयेत.

सहावी पायरी: कात्रीचा इतिहास देशानुसार वाचा

ब्रिटनमध्ये आरंभी व्हिडिओ कॅसेटना वर्गीकरणाची सक्ती नव्हती. त्या काळात आलेल्या भयपटांवर वृत्तपत्रांनी गदारोळ उठवला, सरकारी अभियोग संचालकांच्या कार्यालयाने आक्षेपार्ह कॅसेटची यादी केली, आणि १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याने वर्गीकरण बंधनकारक झाले. त्या यादीत वेगवेगळ्या वेळी मिळून ७२ चित्रपट होते, त्यांपैकी ३९ चित्रपटांवरील खटले यशस्वी झाले. ‘व्हिडिओ नॅस्टी’ हे नाव त्यांना तेव्हापासून चिकटले. कायद्यापूर्वीच्या कॅसेटना संग्राहक ‘प्री-सर्ट’ (प्रमाणपत्रापूर्वीच्या) म्हणतात, आणि त्यांतील काही नंतरच्या अधिकृत प्रतींपेक्षा पूर्ण असतात. या प्रकरणाची सविस्तर माहिती डेव्हिड केरेकेस आणि डेव्हिड स्लेटर यांच्या २००० मधील ‘सी नो इव्हिल’ या पुस्तकात मिळते.

नवख्याने येथे एक गैरसमज टाळावा. त्या यादीत नाव असणे म्हणजे चित्रपट असाधारण भीषण असणे नव्हे. यादीत पुष्कळ सामान्य आणि काही निव्वळ कंटाळवाणे चित्रपटही होते. ‘बंदी घातलेला’ असे कव्हरवर मिरवणाऱ्या प्रतीविषयी प्रश्न एवढाच विचारावा की बंदी कोठे, कधी आणि कोणत्या आवृत्तीवर होती. ब्रिटनमधील वर्गीकरण मंडळ आपल्या निर्णयांच्या नोंदी सार्वजनिक करते. एखाद्या चित्रपटातून काही कापले गेले का याची खातरजमा तेथे होऊ शकते. ‘अनरेटेड’ या अमेरिकी शब्दाचा अर्थही एवढाच, की ती आवृत्ती तेथील वर्गीकरणासाठी सादर झालेली नाही. ती पूर्ण आहे असे त्यातून सिद्ध होत नाही.

सातवी पायरी: लेखकाची आवड मोजून मगच तारे मोजा

मॉल्टिन यांचे पुस्तक चार ताऱ्यांपर्यंत जाते आणि सर्वात वाईट चित्रपटाला ‘बॉम्ब’ म्हणते. व्हिडिओहाउंडच्या पुस्तकांत ताऱ्यांऐवजी हाडे असतात. चास बॅलन यांनी तर ‘द गोर स्कोअर’मध्ये गुणवत्तेचे आणि रक्तपाताचे वेगवेगळे गुण दिले, आणि माझ्या मते ती कल्पना आजही अनुकरणीय आहे, कारण भयपट पाहणाऱ्याला या दोन गोष्टी स्वतंत्रपणे जाणून घ्यायच्या असतात.

कोणत्याही लेखकाचे तारे स्वीकारण्याआधी आपण नीट पाहिलेले आणि ज्यांविषयी आपले मत पक्के आहे असे दहा-बारा भयपट निवडावेत. त्यांत एक जुना कृष्णधवल, एक संथ आणि वातावरणप्रधान, एक रक्तरंजित, एक युरोपीय आणि एक विनोदी असावा. मग त्या सगळ्यांच्या नोंदी सलग वाचाव्यात. लेखक आपल्याशी सहमत आहे की नाही हे महत्त्वाचे नसते. त्याची असहमती सातत्यपूर्ण आहे का हे महत्त्वाचे असते. जो लेखक प्रत्येक रक्तरंजित चित्रपटाला एक तारा देतो, त्याचा एक तारा तुम्हाला नेमकी माहिती देतो. ज्याचे गुण कोणत्याच रेषेत बसत नाहीत, त्याच्या पुस्तकातून केवळ नावे, वर्षे आणि कलाकार घ्यावेत.

वर्णन आणि चित्रपट यांत तफावत आढळल्यास लेखकाने तो पाहिलाच नसावा हेही शक्य आहे. जाहिरातपत्रकावरून किंवा दुसऱ्या पुस्तकावरून उचललेली नोंद ओळखण्याची खूण म्हणजे तिच्यात कथेचा फक्त आरंभ असतो, शेवटाविषयी एकही शब्द नसतो, आणि तीच चूक तीन पुस्तकांत जशीच्या तशी सापडते. अशी एक जरी नोंद दिसली तरी समासात खूण करून ठेवावी. ऑनलाइन सूचींतही याच जुन्या चुका उतरलेल्या असतात, त्यामुळे तीन ठिकाणी तेच दिसते एवढ्यावरून ते खरे मानू नये.

आठवी पायरी: वितरक, पद्धत आणि विभाग

जुन्या मार्गदर्शिकांच्या शेवटी वितरकांच्या नावांची संक्षिप्त चिन्हे आणि पत्ते असतात. पत्ते आता निरुपयोगी आहेत, पण चिन्हे उपयोगी आहेत, कारण त्यांवरून कोणत्या वितरकाची प्रत लेखकाने पाहिली हे कळते. कॅसेट विकत घेताना ती पाल आहे की एनटीएससी, आणि स्वस्तातील पुनर्मुद्रण असेल तर ती मंद गतीने ध्वनिचित्रमुद्रित केलेली आहे का, हे पाहावे. मंद गतीच्या कॅसेटवर चित्र पुसट आणि अंधारी दृश्ये जवळजवळ वाचता न येणारी होतात. डीव्हीडीसाठी सहा भौगोलिक विभाग आहेत, ब्लू-रेसाठी ए, बी आणि सी असे तीन. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला विभागाचे बंधन नाही. आपले यंत्र काय वाजवते हे माहीत नसताना परदेशी प्रत मागवू नये.

नववी पायरी: स्वतःची नोंदवही सुरू करा

वरच्या सगळ्या पायऱ्या प्रत्यक्षात उतरतात त्या नोंदवहीत. प्रत्येक प्रतीसाठी एक पान ठेवावे. प्रत्येक चित्रपटासाठी नव्हे. त्यावर पडद्यावर दिसणारे नाव आणि कव्हरवरचे नाव वेगळे लिहावे, कारण ही दोन नावे पुष्कळदा जुळत नाहीत. मग वितरक, कव्हरच्या कडेवरचा सूची-क्रमांक, कॅसेट की डिस्क, पाल की एनटीएससी, स्वतः मोजलेली लांबी आणि त्यावरून काढलेली मूळ लांबी, चौकटीचे प्रमाण, आवाजाची भाषा आणि उपशीर्षके यांची नोंद करावी. अखेरीस पहिले आणि शेवटचे दृश्य एकेका ओळीत लिहावे, आणि जेथे संगीत अचानक तुटते किंवा पात्राची हालचाल मधेच उडी मारते त्या जागा मिनिट-सेकंदांसह टिपाव्यात. संगीतातील तुटकी उडी हा कापल्याचा सर्वात विश्वासार्ह पुरावा असतो. चित्रातली उडी फितीच्या खराबीमुळेही येऊ शकते.

पानाच्या खालच्या भागात निरनिराळ्या मार्गदर्शिकांतील आकडे पुस्तकाच्या नावासह आणि आवृत्तीच्या वर्षासह उतरवून घ्यावेत. दोन पुस्तकांत विरोध दिसला तर त्यांपैकी एकाला खोटे ठरवण्याची घाई करू नये. दोन्ही आकडे ठेवावेत, प्रत्येकासमोर संभाव्य कारण पेन्सिलीने लिहावे, आणि दुसरी प्रत प्रत्यक्ष मोजायला मिळेल तेव्हाच ते शाईने पक्के करावे.